डाळ शिजवणारं पाणी

पाणी तपासायला आणणारा माणूस बाटली टेबलावर ठेवायच्या आधीच त्या पाण्याची बाजू घेऊन बोलायला लागायचा. "मॅडम, आमचं पाणी एकदम गोड आहे, तुम्ही फक्त कागद द्या." शाळेत नाव घालायला आणलेल्या लेकराबद्दल आईबाप बोलतात, तोच सूर. गावचं पाणी म्हणजे घरचंच माणूस, त्याला बाहेरच्यानं नावं ठेवलेली खपत नाहीत. मी नांदेडला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. म्हणजे लोकांच्या घरच्या माणसाला नावं ठेवायचाच पगार घेत होते म्हणा ना.

संपादकांनी सांगितलंय की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमतींना तोटा नाही. पाणी कशात आणायचं हे आम्ही दाराबाहेर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, तरी लोक गोडेतेलाच्या बाटलीत आणायचे, फिनेलच्या डब्यात आणायचे. एका सद्गृहस्थांनी दारूच्या बाटलीत आणलं आणि वर मला शपथ घातली, "धुतलीय हो, धुऊनच भरलीय." झाकण उघडल्यावर आमच्या शिपायानं सुद्धा मान वळवली. परत पाठवलं की लोक रुसायचे. मग त्यांना चहा पाजून, आमचा प्लास्टिकचा कॅन देऊन, हापसा थोडा वेळ नुसता हापसायचा, कॅन त्याच पाण्यानं विसळायचा आणि मग भरायचा, हे सगळं समजावून सांगायचं. फ्लोराइडसाठी काचेची बाटली चालत नाही. फ्लोराइड काचेलाही सोडत नाही, मग माणसाच्या हाडांचं काय घेऊन बसलात.

एकदा लोह्याकडचे एक पाटील आले. धोतर, टोपी, बोलणं अदबशीर. पाणी आणलं होतं ते त्यांच्या गावचं नव्हतं. मुलाला बघितलेल्या मुलीच्या गावचं होतं.

"सोयरीक जुळून राहिली मॅडम," ते हळूच म्हणाले. "पोरगी नक्षत्रावानी हाय, पर त्या गावच्या लोकायचे दात पिवळे हायत म्हणं. म्हटलं, आधी पाणी बघून घ्यावं."

मी नोकरीत फारशी चिडले नाही, पण तेव्हा चिडले. "पाटील, फ्लोराइड पाण्यात असतं, मुलीत नसतं. आणि बघायचंच असेल तर आधी तुमच्या बोअरचं घेऊन या. लग्न झाल्यावर ती ते पिणार आहे." पाटील हसले, टोपी सारखी केली आणि गेले. त्यांचं पाणी काही आलं नाही. ते लग्न झालं की नाही मला ठाऊक नाही, पण ती मुलगी कुठं असेल तिथं सुखात असावी असं अजून मनात येतं. म्हणूनच पुढं ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे, त्याचं नाव लिहीत नाही. किनवट तालुक्यातलं आहे, जंगलाच्या कडेला आहे, एवढं पुरे. तिथल्या मुलींची लग्नं व्हायचीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्लोराइड खडकातून येतं. पाणी खोल खडकात जितका काळ मुरतं तितकं ते त्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्यानं ते जात नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं. अगदी थोडं असलं तर दाताला चांगलंच, पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी लेकरांच्या दातांवर पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. मोठ्यांचे गुडघे धरतात, कंबर धरते, मान वळेनाशी होते. लोक म्हणतात वात आहे, वय झालं. झालेलं नुकसान भरून येत नाही. या खात्यातलं सगळ्यात जड वाक्य हेच, आणि ते मला पुष्कळ वेळा बोलावं लागलं.

मी मूळची लातूरची. आमच्या लिंगायत घरात सकाळच्या पूजेला ताजं पाणी लागायचं आणि नळ कधी येईल याचा नेम नसायचा, त्यामुळं पाण्याचा आदर मला घरातच शिकवला गेला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा तर सगळ्यांनाच आठवत असेल. तहानलेला माणूस पाण्याला प्रश्न विचारत नाही. तो आणखी खोल बोअर घेतो. वरचं पाणी आटतं, बोअर खाली जातं, आणि खालचं पाणी आपल्यासोबत खडकातलं काय काय घेऊन वर येतं. यात चूक कुणाची म्हणायची? नांदेडमध्ये विष्णुपुरी धरणाचं पाणी पिऊन मी त्या लोकांना शहाणपण शिकवायचं म्हणजे मलाच कधीकधी ओशाळल्यासारखं व्हायचं.

त्या किनवटकडच्या गावात देवळासमोर एक हापसा होता. त्याचं पाणी तपासलं तर फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी वर. नियमाप्रमाणे आम्ही हापशाला लाल रंग मारला. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. पुढच्या खेपेला गेले तर हापसा हिरवागार! कुणीतरी दाराला मारून उरलेला ऑइलपेंट त्याला मारून टाकला होता. मी विचारलं, हे कुणी केलं? मग कमरेत वाकलेली एक बाई पुढं आली. तिची मान वळत नव्हती, म्हणून माझ्याकडं बघायला ती सगळीच्या सगळी वळली.

"म्या सांगितलं रंग द्यायला. देवापुढं आसं लाल भडक कामून करून ठिवलं?"

ही गयाबाई. गावात लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, पंगतीचं वरण गयाबाईच्या हातचं. तिच्या वरणाचं नाव आजूबाजूच्या गावांत होतं. आणि गावातल्या बायका पाण्याच्या बाबतीत तिचं ऐकायच्या, कारण पाण्याची पारख कशी करायची हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. ती पारख म्हणजे डाळ. ज्या पाण्यात डाळ मऊ शिजते ते चांगलं, ज्यात शिजत नाही ते वाईट.

गावात एक जुना आडही होता. त्याचं पाणी मी तपासलं होतं, फ्लोराइड अगदी थोडं. पण ते पाणी गुरांना आणि धुण्याला. कारण विचारलं तर गयाबाईनं मला थेट चुलीपाशी नेलं. एका पातेल्यात हापशाचं पाणी, दुसऱ्यात आडाचं, दोन्हींत एकाच डब्यातली तूरडाळ. आम्ही बसून राहिलो. हापशाच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली. आडाच्या पाण्यातली दाणा न दाणा वेगळा.

"बगा म्याडमबाई," गयाबाई पळी आपटत म्हणाली. "चुलीवर शिजंना, ती पोटात काय शिजंल? आन् तुम्ही म्हणता ह्येच पाणी प्या!"

मी त्या दोन पातेल्यांकडं बघत राहिले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, कारण आमच्या पुस्तकात जे आकड्यांत लिहिलेलं असतं ते समोर चुलीवर शिजत होतं. जड पाण्यात कॅल्शियम असतं. ते डाळीला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ शिजत नाही. पण तेच कॅल्शियम खडकातून सुटलेल्या फ्लोराइडलाही धरतं आणि पाण्यात फार वाढू देत नाही. हलक्या पाण्यात धरायला कुणी नसतं. डाळ मऊ होते, साबणाला फेस येतो, पाणी गोड लागतं, आणि फ्लोराइड मोकाट सुटतं. नेहमीच असं असतं असं नाही, म्हणून तर तपासावं लागतं. पण त्या गावात तसंच होतं.

मी म्हटलं, "मावशी, तुमची डाळ खोटं बोलत नाही. तुम्ही जे बघितलंत ते शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याचा अर्थ इथं उलटा आहे."

ते तिला मुळीच पटलं नाही. मग मी पेटी उघडली आणि ओट्यावर तपासणी करून दाखवली. आमच्याकडं एक लाल औषध असतं. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका त्याचा रंग उडतो. हापशाच्या पाण्यात ते पार फिकं पडलं, आडाच्या पाण्यात लाल राहिलं. बायका वाकून बघत होत्या. गयाबाई लगेच म्हणाली, "हं! आडाचं लाल ऱ्हायलं. तुम्हीच म्हणता ना लाल म्हंजी वाईट?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय! लाल रंग हापशाला मारायचा आणि चांगल्या पाण्याची खूणही लालच ठेवायची, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला एकदा गयाबाईसमोर उभं करायला हवं होतं.

हसणं थांबल्यावर मागून एक आवाज आला. गयाबाईची सून सुरेखा दारात उभी होती, कडेवर तान्ही मुलगी. शेजारी मोठी मुलगी पूजा, दहाएक वर्षांची. पूजाच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते.

"म्याडम," सुरेखानं विचारलं, "हिचं तर झालं. ह्या बारकीचं काय?"

मी सांगितलं ते असं. बारकी अजून अंगावर पिते आहे, आणि आईच्या दुधात फ्लोराइड फारसं उतरत नाही. तिचे दुधाचे दात निघायला लागतील, पण खरे दात आत्ता हिरडीच्या आत तयार होताहेत. वरचं पाणी सुरू झालं की ते जे पिईल तेच त्या दातांत उतरणार. ते दात तोंडात दिसायला सहासात वर्षं जातील, आणि तेव्हा काही करता येणार नाही. जे करायचं ते आत्ता.

"आन् माही मान?" गयाबाईनं विचारलं.

"मावशी, ती आता मोकळी नाही व्हायची. पण पाणी बदललं तर पुढचं दुखणं थांबायची आशा आहे."

ती उठली. पातेल्यातली शिजलेली डाळ तशीच टाकून आत गेली. बायका पांगल्या. मला वाटलं, आपण आणखी एक गाव गमावलं. फ्लोराइड काढणारी यंत्रंही असतात, पण त्यांच्यातली पावडर वेळच्या वेळी धुवावी लागते, बदलावी लागते, आणि बसवल्यावर त्याकडं बघणारं कुणी नसलं की ती देवळातल्या घंटेइतकीही उपयोगाची राहत नाहीत. या गावाला यंत्राची गरजच नव्हती. चांगलं पाणी आडात होतं. पण ते प्यायचं म्हणजे गयाबाईनं आपलं वरण बिघडवायचं. तिच्याजवळ दुसरी इस्टेट नव्हती, नाव होतं ते त्या वरणाचंच. माझ्यासारख्या परक्या बाईनं येऊन ते मागावं, हे मलाही जड जात होतं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात महादेवाच्या देवळापुढं पंगत असते. ग्रामसेवकाचा निरोप आला, "गयाबाईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय, यायलाच लागतं म्हणाली." मी गेले. आडाचा गाळ काढलेला होता, वर जाळी बसवली होती, पाण्यात टीसीएल पावडर टाकल्याचा वास येत होता. उघड्या आडात जंतू मारायला ती टाकावीच लागते. मला काही कळेना. मग पंगत बसली आणि वरण आलं.

काय सांगू? खाली डाळ वेगळी, वर पाणी वेगळं, दाताखाली कणी येत होती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. एक म्हातारे बाबा मोठ्यानं म्हणाले, "गये, आज काय घाई होती का गं?"

गयाबाई पंगतीच्या मधोमध उभी राहिली, हातात पळी.

"घाई न्हाई. आडाच्या पाण्याचं वरण हाय. इथून पुढं माज्या हातचं आसंच ऱ्हाईल. ज्याला हापशाचं मऊ वरण पायजे त्यानं घरी जाऊन खावं, आन् नातवाच्या दाताकडं बगत खावं."

कुणी उठलं नाही. म्हातारे बाबा मुकाट्यानं भात कालवायला लागले. मी ते वरण दोनदा वाढून घेतलं. आयुष्यात लग्नाकार्यात, हॉटेलात पुष्कळ चांगलंचुंगलं खाल्लं, पण इतक्या कृतज्ञतेनं कुठं जेवले नाही. डोळे भरून आले तेव्हा तिखटाचं निमित्त सांगितलं. तिखट मुळीच नव्हतं.

पुढं बायकांनी आपली आपण वाट काढली. पिण्याचा हंडा वेगळा, वापरायचा वेगळा. डाळ आदल्या दिवशी भिजत घालायची, चिमूटभर सोडा टाकायचा. कुकर असलेल्या घरांत शिट्ट्या वाढल्या. गयाबाईचं वरण हळूहळू सुधारलं, तरी आधीसारखं कधी झालं नाही, आणि हे ती स्वतःच सांगायची. उन्हाळ्यात आड तळाला जायचा, तेव्हा उरलेलं पाणी फक्त लेकरांना प्यायला, मोठ्यांनी हापशावर भागवायचं. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. सुरेखा सांगायची, बारकीला घेऊन पाहुण्यांकडं जायचं तरी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आडाचं पाणी सोबत बांधून देतात, आणि पाहुणे नावं ठेवतात.

बाकी सगळं असंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कितीतरी गावांत माझा कागद गेला आणि भिंतीला चिकटून राहिला. काही गावांत चांगल्या पाण्याची दुसरी सोयच नव्हती, तिथं मी नुसती वाईट बातमी देऊन परत आले. त्या गावांच्या रस्त्यानं जाताना अजूनही मी खिडकीतून बाहेर बघायचं टाळते.

मी निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी घराची बेल वाजली. दारात गयाबाई, सुरेखा, कॉलेजात जाणारी पूजा आणि एक सातएक वर्षांची मुलगी. आधी प्रयोगशाळेत जाऊन आल्या होत्या, तिथून पत्ता मिळाला. गयाबाई आता आणखी वाकली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाणी दिलं तर आधी म्हणाली, "कुठलं हाय?" विष्णुपुरीचं म्हटल्यावर प्यायली.

"एका कामासाठी आले म्याडमबाई," ती म्हणाली. "हिचे पुढचे दात आले. खरे. मला काय दिसत न्हाई आता. सून म्हणती पांढरे हायत. पर ती माजं मन राखती. पूजीबी तसंच म्हणती. तुम्ही माज्या मानंचं तोंडावर सांगितलं व्हतं, मन राखलं न्हाई. आता हिचं सांगा."

मला एकदम भीती वाटली. आयुष्यभर मी बाटल्या उघडल्या, पण कधी इतकी घाबरले नव्हते. काय दिसेल त्याचा भरवसा नव्हता. उन्हाळ्यातले ते दिवस, पाहुण्यांकडचा एखादा पेला, शाळेतलं पाणी. आणि जे दिसेल ते मला सांगावंच लागणार होतं, कारण ती त्यासाठीच एसटीचे धक्के खात आली होती. मी मुलीला खिडकीपाशी नेलं. ती तोंड उघडेना. आईनं समजावलं, मी चॉकलेट दिलं, तेव्हा कुठं ओठ थोडे हलले. मी चष्मा लावून खाली वाकले.

खालचे दोन, वरचे दोन. कडा नव्या दातांच्या असतात तशा, करवतीसारख्या. पट्टा नाही. ठिपका नाही. मी तिला उन्हात थोडं पुढं घेतलं आणि पुन्हा नीट बघितलं.

"मावशी," मी म्हटलं, "स्वच्छ आहेत. चारही."

गयाबाईनं चाचपडत हात पुढं केला, तो पूजाच्या हाताला लागला आणि तिनं तोच धरून ठेवला. "हिला उशीर झाला," ती म्हणाली. "हिच्या येळी मीच पाजलं हापशाचं. गोड हाय म्हणून वाटीवाटीनं पाजलं."

"आज्जे, तू गप," पूजा म्हणाली. "तुला काय ठावं होतं का?"

माझ्या नोकरीत माझ्या हातून जे काही थोडं चांगलं झालं, ते या बाईनं केलं होतं, स्वतःचं नाव पातेल्यात ओतून. मी फक्त कागदावर आकडा लिहिला होता. हे तिला सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

गयाबाईनं दुसरा हात धाकटीच्या हनुवटीला लावला. "बारके, हस की गं एकदा. म्याडमबाईला दाव."

धाकटीनं बहिणीकडं बघितलं. पूजानं तिच्याकडं बघून डोळे फिरवले, आणि ती पोरगी तोंडभर हसली, पाठोपाठ पूजाही.

हसण्याला आवाज नव्हता. गयाबाई आपल्या आखडलेल्या मानेनं समोरच्या भिंतीकडंच बघत होती.

"हसली का वो?" तिनं विचारलं.

"दोघीबी हसल्या, मावशी," मी म्हटलं.